शकुनी ते सुपडू आप्पा : उसना खलनायक आपला कसा करावा

पहिली-दुसरी कथा लिहिणाऱ्यांचे खर्डे वाचताना एक गोष्ट हमखास दिसते. नायक लेखकाच्या ओळखीचा असतो आणि खलनायक वाचकाच्या. नायकाचं शेत कुठल्या शिवारात, त्याच्या आईचे गुडघे कधीपासून दुखतात, विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यात आटतं, हे सगळं लेखकाला पाठ असतं. खलनायक मात्र आयता येऊन बसतो. पांढरे कपडे, बोटांत अंगठ्या, शेजारी दोन दांडगे गडी, सावकाश बोलणं. तो कुठल्या सिनेमातून किंवा पुराणातून आला हे दुसऱ्या पानावर कळतं. तिथून पुढे वाचक कथा वाचत नाही, मूळ पात्राशी ताडून पाहत राहतो.

प्रेरणा घेण्यात काही वावगं नाही. शेक्सपिअरने ऑथेल्लोची गोष्ट चिंथिओ या इटालियन लेखकाच्या १५६५ सालच्या कथासंग्रहातून उचलली. मूळ कथेतल्या खलनायकाला नावसुद्धा नाही, तो सैन्यातला नुसता निशाणधारी. नायिकेवर त्याचं मन बसतं, ती दाद देत नाही, म्हणून तो सूडाला पेटतो. शेक्सपिअरने हे कारण मागे सारलं, बढती हुकल्याचा राग पुढे आणला, आणि शेवटी ‘का केलंस?’ असं विचारल्यावर आपल्या खलनायकाचं, म्हणजे इयागोचं, तोंड कायमचं बंद ठेवलं. आज चिंथिओचा निशाणधारी अभ्यासकांपुरता उरला आहे. इयागो जगभर फिरला. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘झुंझारराव’मधून तो मराठी रंगभूमीवरही आला. एवढा फरक कसा पडला, हे या लेखात पाहू. उदाहरण खान्देशातलं घेतो, आणि शेवटपर्यंत एकच घेतो, म्हणजे पायऱ्या नीट दिसतील.

समजा, पारोळा-अमळनेर भागातली एक कथा तुम्हाला लिहायची आहे. दोन भावांचं एकत्र घर आणि ते फोडणारा एक माणूस. मनात आहे शकुनी.

आधी मूळ पात्र नक्की करा

‘शकुनी’ म्हणताना तुमच्या डोळ्यांपुढे नेमकं कोण येतं? ज्याच्या बापाला नि भावांना कैदेत उपाशी मारलं, आणि ज्याने बापाच्या हाडांचे फासे केले, तो? तो लोककथेतला शकुनी. पुण्याच्या भांडारकर संस्थेने केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत ही हाडांच्या फाशांची गोष्ट नाही. तिथला शकुनी गांधारीचा भाऊ आहे, फाशांत तरबेज आहे, भाच्याच्या मत्सराला वाट करून देतो आणि युद्धाच्या अठराव्या दिवशी सहदेवाच्या हातून मरतो. हे दोन वेगळे शकुनी आहेत. त्यातल्या एकाला सूड हवा आहे, दुसऱ्याला भाच्याचं राज्य. आणि तिसरा, ज्याचं नाव काढताच बहुतेकांना तो आठवतो, तो टीव्हीवरचा: एक डोळा बारीक करणारा, लंगडणारा. त्याचं लंगडणं तुमच्या खर्ड्यात शिरलं असेल, तर ते एका नटाचं आणि दिग्दर्शकाचं काम आहे. ते तिथेच सोडा.

म्हणून पहिलं काम एवढंच. वहीच्या पानावर मूळ पात्राचं नाव लिहा आणि ते तुम्हाला कुठे भेटलं तेही लिहा. पुराणात, कादंबरीत, पडद्यावर की गावात? ही नोंद शेवटी कायद्याच्या प्रश्नांनाही लागते.

एकच गोष्ट ठेवा

आता त्या पात्रातलं तुम्हाला काय भिडलं ते लिहून काढा. मनात येईल ते सगळं लिहा: फासे, मामा असणं, बारीक डोळे, सूड, गोड बोलणं, बहिणीबद्दलची माया, स्वतः शस्त्र न धरता युद्ध पेटवणं. मग यातलं एक ठेवून बाकी सगळ्यांवर काट मारा.

काट मारताना हात थांबतो, हे मला ठाऊक आहे. फासे टाकले तर शकुनीत उरलं काय, असं वाटतं. पण फासे ही त्याची वस्तू आहे, आणि वस्तू आधी ओळखू येते. गोड बोलणं ही सवय आहे, आणि ती निम्म्या खलनायकांना असते. मी यातली शेवटची गोष्ट ठेवेन, आणि तीही आणखी टोकदार करून: घर फोडण्याची मागणी तो स्वतः कधी करत नाही. ती समोरच्याच्या तोंडून येते. या माणसाची भीती इथे आहे. समोरच्याला शेवटपर्यंत वाटतं की हे आपलंच मत होतं.

अशा एका वाक्यात बसणारी गोष्ट हाती लागेपर्यंत पुढे जाऊ नका. ‘तो फार कपटी आहे’ हे वाक्य चालणार नाही, कारण त्यावरून प्रसंग सुचत नाही. ‘मागणी समोरच्याच्या तोंडून येते’ म्हटल्यावर प्रसंग लगेच दिसायला लागतात.

त्याला काय हवं आहे?

ठेवलेली गोष्ट झाली पद्धत. आता हेतू बदलायचा. पद्धत आणि हेतू दोन्ही मुळातलेच राहिले तर नाव, गाव, काळ काहीही बदला, पात्र तेच राहतं.

हेतू शोधायला मी पुस्तकांकडे जात नाही. त्या प्रदेशात माणसाला कमीपणा कुठे येतो, ते पाहतो. खान्देशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, मोठा सण. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, पितरांच्या नावाने घागर भरतात. आणि त्याच दिवसाच्या आगेमागे सालदारांचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्यांचं, साल ठरतं. जुना सालदार राहणार की जाणार, वर्षाचे पैसे किती, धान्य किती, उचल किती, हे मालकाच्या अंगणात ठरायचं. मालक घरात जेवतो आहे आणि सालदार अंगणात थांबला आहे. सोबत त्याचा आठ वर्षांचा पोरगा आहे. आतून आमरस-पुरणपोळीचा वास येतो आहे. बोलावणं येत नाही.

तो पोरगा आपला खलनायक. मोठेपणी त्याला घर जाळायचं नाही, कुणाला मारायचं नाही, जमीनही त्याला फारशी नको. त्याला एवढंच हवं आहे की एका आखाजीला त्या घरातल्या कुणीतरी त्याच्या ओट्यापाशी येऊन थांबावं. त्याने आत जेवत असावं आणि बाहेरच्याने वाट पाहावी.

शकुनीच्या मनात हे येणं शक्य नव्हतं. तो राजपुत्र होता, अंगणात वाट पाहायला लावलेला मुलगा नव्हता. हेतू बदलताच दोघांच्या वाटा फुटल्या, अजून नावही ठेवलेलं नसताना.

इथे एक जबाबदारी येते. सालदाराचा मुलगा खलनायक केला, तर ‘गरीब वर आला की माजतो’ असा अर्थ कथेतून निघता कामा नये. अंगणातला तो प्रसंग पूर्ण लिहा आणि मनापासून लिहा. वाचकाने निम्म्या कथेपर्यंत त्याच्याच बाजूने असावं. पुढे त्याच्या हातून जे होतं ते जास्त लागावं, ते याचसाठी.

धंदा द्या, आणि तो धंदा शिका

माझ्या मते सगळ्यात जास्त काम इथेच आहे, आणि नवे लेखक सगळ्यात कमी वेळ इथेच देतात. खलनायकाला ‘श्रीमंत’ म्हणून सोडून देतात. पैसा येतो कुठून, हे लेखकालाच माहीत नसलं की तो माणूस सिनेमातल्यासारखा वागू लागतो. त्याला दुसरं काही करताच येत नाही.

खान्देशात धंद्यांची वाण नाही. रावेर-यावलला केळीचा व्यापार आहे. तिथे बोर्डावर एक भाव जाहीर होतो, बांधावर दुसरा मिळतो, आणि वादळी वाऱ्यात बाग आडवी झाली की तो भावही उरत नाही. जळगावला सोन्याची पेढी आणि डाळ मिल, भुसावळला रेल्वे, गिरणा-तापीच्या पात्रात रात्रीचा वाळूउपसा. वाळूवाला खलनायक हल्ली फार येतो. त्याचे डंपर आणि दादागिरीच दिसते. रॉयल्टीची पावती, पंचनामा, जप्त झालेला ट्रॅक्टर सुटतो कसा, यातलं काहीच दिसत नाही. ते दाखवता आलं तर वाळूवालाही नवा होईल.

आपल्या माणसाला मी कापसाचा व्यापारी करतो, खेडा खरेदी करणारा. हा व्यापारी बाजार समितीत बसून राहत नाही. टेम्पो आणि काटा घेऊन शेतकऱ्याच्या दारात येतो. दसऱ्यापासून वेचणी सुरू होते. भाव वाढेल या आशेने लोक कापूस घरात भरून ठेवतात. मागची खोली, मग पुढची खोली, मग झोपायच्या खाटेपर्यंत कापूस. काही आठवड्यांनी त्यातल्या किडीने घरभर माणसांच्या अंगाला खाज सुटते, लहान मुलं रात्रभर खाजवत राहतात. भाव काही हलत नाही. शेवटी एके दिवशी घरातली बाई म्हणते, ‘देऊन टाका एकदाचा.’ व्यापारी नेमका याच दिवशी दारात असतो. कुठल्या घरात खाज सुटली आहे, हे त्याला कळलेलं असतं.

तो मूठभर कापूस उचलतो, दाबतो, सोडतो. किती फुलून येतो ते पाहतो. एक सरकी काढून दाताखाली धरतो, वाळलेली असली तर टचकन फुटते. यावरून तो ओलावा सांगतो. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात आणि बारा टक्क्यांच्या वर माल घेतच नाहीत. दारातल्या व्यापाऱ्याकडे यंत्र नाही, दात आहेत. डागी, कवडी कापूस वेगळा काढायला लावायचा की चांगल्यात मिसळू द्यायचा, हेही तोच ठरवतो. गाठोडी काट्याला लागतात, टेम्पोत एक जण कापूस पायांनी तुडवत असतो, आणि चुकारा कधी रोख, कधी ‘आठ दिवसांनी’.

आता जपा, कारण इथे एक सोपी वाट दिसते. शकुनीचे फासे खोटे, तर आपल्या माणसाचा काटा खोटा. गाठोडं काट्याला लावताना काटा मारायचा, किंवा हल्ली रिमोटने वजन फिरवतात तसं काही. वाचायला बरंही वाटतं. पण ही नुसती अदलाबदल झाली: फाशांच्या जागी काटा, हस्तिनापूरच्या जागी पारोळा. माणूस आतून तोच. आखाजीला खान्देशात पत्त्यांचे डाव बसतात, म्हणून याला पत्त्यांत बसवलं तर तो आणखीच शकुनी होतो.

म्हणून उलट करा. याचा काटा पंचक्रोशीत सगळ्यात खरा. माप एका पावशेरानेही इकडचं तिकडे होत नाही. चुकारा ठरल्या दिवशी, एक दिवस आधीही. दुसरे व्यापारी उधारीवर कापूस नेऊन पसार झाले, हा थांबला. हळूहळू लोक म्हणू लागले, ‘पैसे राहू द्या तुमच्याकडेच, लागतील तेव्हा नेऊ.’ घरात ठेवले तर खर्च होतात आणि बँक तालुक्याला. त्याने कधी मागितले नाहीत. लोकांनी आणून दिले. ठेवलेली गोष्ट पुन्हा पाहा: मागणी समोरच्याच्या तोंडून.

धंदा शिकल्याचा आणखी एक फायदा. जुन्या कथांतला सावकार कोऱ्या कागदावर अंगठा घ्यायचा आणि जमीन गिळायचा. आज महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ आहे. सावकारीतून बळकावलेली जमीन परत मिळवण्यासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. आजच्या कथेतला हुशार माणूस हे जाणतो. तो सावकारी करणारच नाही, व्याजाचा शब्दही काढणार नाही. त्याच्याकडे लोकांचेच पैसे आहेत. कायद्याने त्याला घातलेलं बंधन त्याच्या वागण्यात दिसलं की तो आजचा आणि इथला वाटतो.

एक प्रसंग लिहून पाहा

पूर्ण कथा नंतर. आधी असा एक प्रसंग लिहा, ज्यात ठेवलेली गोष्ट, नवा हेतू आणि धंदा तिन्ही एकत्र येतात. आपला असा:

आखाजीचा दिवस. निंबाच्या झाडाला झोका, देवळामागे पत्त्यांचे डाव. धाकटा भाऊ आपल्या व्यापाऱ्याच्या, म्हणजे आप्पाच्या ओट्यावर येतो. घरच्या दोन हंगामांच्या कापसाचे पैसे आप्पाकडे आहेत, थोरल्याच्या नावाने मांडलेले. धाकट्याला दहा हजार हवे आहेत, कशाला ते सांगायची त्याला लाज वाटते. आप्पा कशाला हे विचारत नाही. चष्मा लावतो, वहीची दोरी सोडतो आणि पान धाकट्याकडे फिरवून ठेवतो.

“यामा तुना कितला, दादाना कितला, माले काय माहीत? तुमनं घर ते एकच शे.”

धाकटा पानाकडे पाहतो. आजवर त्याने हा हिशेब केलेला नाही. तो पैसे न घेता उठतो, डावावर जात नाही, शेतावर जातो. दिवे लागणीला परत येतो.

“मंग वाटनी करी टाका, आप्पा. तुमीच करा.”

आप्पा खोटं बोलला नाही. पैसे अडवले नाहीत, पत्त्याला हात लावला नाही, ‘वाटणी’ हा शब्द उच्चारला नाही. ‘तुमचं घर एकच आहे’ असं तो म्हणाला, आणि घर तिथे फुटलं. पुढे खातेफोड, तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटणीचा अर्ज, विहीर कुणाच्या वाट्याला आणि बांध कुठून, हे सगळं आपोआप मागे येतं. विहीर ज्याला मिळाली नाही तो पुढच्या आखाजीला कुणाच्या ओट्यापाशी थांबेल, ते वाचकाने ओळखलेलं असतं.

नाव, बोली, अंग

नाव आता ठेवा, आधी नको. आधी नाव सुचलं की बहुतेक वेळा ते मूळ पात्राच्या नावाच्या वळणावर जातं.

मी याला सुपडू म्हणेन. आधीची मुलं जगली नाहीत की खान्देशात नवजात बाळाला सुपात घालायचे आणि सुपडू असं नाव ठेवायचे. उखर्डू, धुडकू, दगा ही नावंही त्याच चालीची. या नावात त्याच्या आईची धास्ती आहे, ती सांगायला वेगळा परिच्छेद लागत नाही. गाव त्याला आधी ‘सुप्या’ म्हणायचं, मग ‘सुपडू’, आणि पैसा आल्यावर ‘आप्पा’. थोरला भाऊ एकदा रागात पुन्हा ‘सुप्या’ म्हणतो, असा प्रसंग कुठेतरी यायला हवा. ‘मामा’ मात्र कुणाच्याही तोंडी येऊ देऊ नका. त्या एका हाकेने शकुनी परत येतो.

बोलीबद्दल मी आग्रही आहे. धुळे, अमळनेर, पारोळा, चाळीसगावकडे अहिराणी. यावल, रावेर, भुसावळकडे लेवा गणबोली, जिच्यात बहिणाबाई चौधरींच्या ओव्या आहेत. सातपुड्यात भिली, पावरी. कथा कुठल्या गावची हे ठरलं की बोली ठरली. पण खलनायकालाच तेवढी बोली देऊन बाकीच्यांना पुस्तकी मराठी देऊ नका. बोली ही अडाणीपणाची किंवा दुष्टपणाची खूण होऊन बसते, आणि आमच्या लोकांनी हे पडद्यावर पुष्कळ सोसलं आहे. बोलायची तर सगळे बोलतील. फरक वाक्यांत ठेवा. आप्पा प्रश्न विचारतो, आज्ञा कधी देत नाही. धाकटा अर्धी वाक्यं बोलतो. थोरला कामापुरतं.

जात-जमात हे तर कारण म्हणून कधीच नको. इंग्रजांनी १८७१ साली अख्ख्या जमातीच जन्माने गुन्हेगार ठरवणारा कायदा केला, तो रद्द व्हायला १९५२ साल उजाडलं. त्याची छाया अजून कित्येक कथांत आडनावाच्या रूपाने असते. तुमच्या खलनायकाचं आडनाव बदलून पाहा. त्याचं वागणं पटेनासं झालं, तर तुम्ही पात्र घडवलेलं नाही, ऐकीव गोष्ट पुढे ढकलली आहे.

अंगाच्या बाबतीत थोडक्यात: व्यंग देऊ नका, अंगठ्या देऊ नका. धंद्याने शरीरावर जे केलं असेल ते द्या. सरकी फोडून फोडून एका बाजूचे झिजलेले दात पुरेत.

जागा बदलून पाहा

खर्डा झाला की ही कसोटी लावा. तुमच्या महत्त्वाच्या प्रसंगात मूळ पात्राला आणून बसवा. सुपडू आप्पाच्या ओट्यावर शकुनी बसला तर काय होईल? तो धाकट्याला दहा हजार हसत देईल, डावावर सोबत जाईल, स्वतः पानं वाटेल. प्रसंग मोडला. म्हणजे आपला माणूस वेगळा झाला. आता उलट करा: आप्पाला द्यूतसभेत बसवा. तो फासे हातात घेणारच नाही. पण मूळ पात्र बसवूनही प्रसंग जसाच्या तसा चालत राहिला, तर तुम्ही फक्त नाव बदललं आहे.

नाव बदलून काय होतं याचं प्रसिद्ध उदाहरण जर्मनीतलं आहे. ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ १८९७ सालची. १९२२ साली ‘नॉस्फेराटू’ हा मूकपट आला. त्यात काउंट ड्रॅक्युलाचा काउंट ऑर्लोक झाला, गावं बदलली, पण परवानगी घेतलेली नव्हती आणि कथेचा सांगाडा तोच होता. स्टोकरची पत्नी फ्लॉरेन्स कोर्टात गेली, आणि १९२५ साली चित्रपटाच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. काही प्रती वाचल्या, म्हणून तो आज पाहता येतो. मला यातला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाही हिंडतो, उन्हाने मरत नाही. सूर्य उगवताच विरून जाणं हे ऑर्लोकचं स्वतःचं. त्यानंतर जगभरच्या रक्तपिपासू पात्रांनी तेच उचललं. जे बदललेलं नव्हतं त्यावर खटला झाला, आणि जे नव्याने घातलं ते टिकलं.

दुसरी कसोटी वाचकांची. खर्डा दोघांना द्या, मूळ पात्र चांगलं ठाऊक असलेल्या एकाला आणि ते अजिबात माहीत नसलेल्या एकाला. कोणावरून सुचलं हे आधी सांगू नका. पहिल्याला विचारा, ‘हा कोणासारखा वाटला?’ त्याने गावातल्या एखाद्या माणसाचं नाव घेतलं तर बहुधा काम झालं, पण मग पुढचा भाग जपून वाचा. दुसऱ्याला विचारा, ‘त्याला काय हवं होतं?’ त्याचं उत्तर ‘माहीत नाही’ असेल, तर हेतू तुमच्या डोक्यात आहे, कागदावर आलेला नाही.

मूळ पात्र पुस्तकातलं असेल, किंवा गावातलं

पुराणातली पात्रं सगळ्यांची आहेत. पण एखाद्या कादंबरीकाराने त्यांना दिलेलं खास रूप त्याचं आहे. भारतात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या लेखनावर कॉपीराइट असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात हे स्पष्ट केलं की कल्पना, विषय, कथाबीज यांवर कुणाची मालकी नसते. मालकी असते ती मांडणीवर. दोन्ही कृती पाहिलेल्या माणसाला दुसरी ही पहिलीची नक्कल आहे असं ठामपणे वाटतं का, ही तिथली महत्त्वाची कसोटी. वर सांगितलेली पायरी मनापासून केली असेल, म्हणजे एकच गोष्ट ठेवून हेतू, धंदा, प्रसंग सगळं नवं घडवलं असेल, तर या कसोटीची धास्ती बरीच कमी होते.

जिवंत माणूस जास्त अवघड. खान्देशात गाव बदलून भागत नाही. पारोळ्याचा माणूस चोपड्याला नेऊन ठेवला तरी दोन सोयरिकींच्या अंतरावर त्याला ओळखणारा निघतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीचा गुन्हा आहे. नाव न घेताही माणूस ओळखू येत असेल, तर ‘सर्व पात्रे काल्पनिक’ ही ओळ एकटी तुम्हाला वाचवत नाही. मेलेल्या माणसाबद्दल लिहिलेलं त्याच्या घरच्यांच्या भावना दुखावण्यासाठी असेल, तर तेही या कलमात येऊ शकतं. कायदा बाजूला ठेवला तरी त्याची नात त्याच शाळेत जाते आणि तिच्या हातात तुमची कथा पडणार आहे, एवढं लक्षात असू द्या.

म्हणून जिवंत माणसावरून सुचलं असेल तर चार गोष्टी एकत्र बदला: धंदा, घरातली माणसं, वय, आणि मुख्य म्हणजे प्रत्यक्ष घडलेली घटना. लोक माणसाला त्याच्या मिशीवरून ओळखत नाहीत. त्या साली त्याने कुणाच्या विहिरीची मोटर सोडवून नेली, त्यावरून ओळखतात. ती घटना कथेत असेल तर बाकी सगळं बदलूनही उपयोग नाही. ती काढा, आणि त्या घटनेने तुमच्या पोटात जे ढवळलं त्याच्यासाठी दुसरा प्रसंग रचा.

एवढं करूनही पहिल्या वाचकाने ‘अरे, हा तर शकुनीच’ म्हटलंच, तर नाव, बोली, कपडे यांना हात लावू नका. सरळ धंद्याच्या भागाकडे या. आपल्या माणसाने दिवसभरात काय काय केलं, सकाळी काटा टेम्पोत टाकल्यापासून रात्री वहीची दोरी बांधेपर्यंत, ते दोन पानं भरून लिहा. यातली सगळी पानं कथेत येणार नाहीत. पण त्या दिवसात कुठेतरी तो असं काही करेल, जे मूळ पात्राने कधीच केलं नसतं. कथा तिथून पुन्हा सुरू करा.